दोन दगडांचं दार

वडगावातले माग साडेदहाला थांबतात.
मग ऐकू येतो माझ्या कॉम्प्युटरचा पंखा,
पंख्याखाली एक जंगल,
जंगलात नाका,
नाक्यावर मी उभा केलेला पहारेकरी.

पहिला गेम शहापुरातनं आणलेला. तीन सीड्या,
वर निळ्या पेनानं नाव, तेही चुकीचं.
एकट्यानं खेळायचा.
आत चार सोबती भेटत: तिरंदाज, वैदू,
चोर, आणि शपथ मोडलेला एक साधू.
मी जेवायला उठलो की चौघे जागच्या जागी,
उचललेला पाय हवेत,
ड्रॅगनची आगसुद्धा ड्रॅगनच्या तोंडात.
आई म्हणे, वाढलंय. मी म्हणे, आलो,
आणि खरंच जात असे.
इतकं ऐकणारं जग पुन्हा कुठं भेटलं नाही,
उद्यमबागेत तर नाहीच.

गुरुसिद्ध आला आणि जग थांबेनासं झालं.
खडेबाजारात जिन्यावरचं कॅफे, तासाला पंधरा रुपये,
दोन खुर्च्यांमध्ये प्लायवूडची फळी.
मी वाचत बसे, म्हातारी सांगतेय
पोरगा विहिरीत कसा हरवला,
तोवर हा विहिरीत उतरून,
पोराला मारून, त्याची अंगठी घालून वर.
“अरे पोरगा होता तो!”
“देव्व आगिद्द ले! भूत झालता की.”
भांडण तिथंच राही.
माझं रक्त संपत आलं की फळीवरून
भाजल्या शेंगा सरकवायचा.
वैदूला हे कधी सुचलं नसतं.

मग आम्ही आमचंच गाव बांधायला घेतलं.
राजहंसगड उत्तरेला ठेवला,
कारण दक्षिणेला नकाशा संपत होता.
मार्कंडेय जरा जास्तच निळी झाली.
पहारेकऱ्यानं कुठल्या भाषेत अडवायचं
यावर दोन संध्याकाळी गेल्या, एकदा कॉलरही धरली.
गेमला दोन्ही लिप्या येत नव्हत्या.
त्याच्या अक्षरांचे रिकामे चौकोन,
माझ्या अक्षरांचे रिकामे चौकोन,
मापानं अगदी सारखे.
शेवटी इंग्रजी अक्षरांत तो दोन्ही विचारतो:
कोण बा तू? यारु नी?

गडाच्या पोटातलं दार ही गुरूची कल्पना.
दोन दगड, सोळा पावलांवर.
दोघं एकाच वेळी उभे राहिले तरच उघडायचं.
“आणि एकटा आला तर?”
“एकटा येऊलालाय कशाला बा तो?”
दार मी केलं.
आतलं तो करणार होता.

तो पुण्याला लागला.
गंमत बघा, तो तिकडं, मी इकडं.

दारापुढं मी किती वेळा गेलो.
या दगडावर चढलो की तो दगड वर येतो.
चोराला उभा केला, साधूला उभा केला.
दार त्यांना मोजत नाही,
ते माझेच, हे त्याला कळतं.
फाईलच्या चौथ्या ओळीत दोनचा एक करायचा,
बस्स. लेथवर दिवसाला
असे शंभर आकडे मी फिरवतो.
हा फिरवला नाही.

गाव कधीच नेटवर सोडून दिलं होतं,
ज्याला हवं त्यानं खेळावं.
अकरा वर्षांनी काल एक फाईल आली,
कुणा अनोळख्यानं माझ्या गावावर केलेलं काम.
बाजारातली गुळाची ढेप उचलून
दुसऱ्या दगडावर ठेवलीय त्यानं.
ढेपेला वजन मीच दिलेलं. माणसाएवढं, चुकून.
दार उघडतं.

आत काळं.
भिंत नाही, जमीन नाही,
पाऊल टाकलं की पडत राहायचं.
फाईलच्या तळाशी त्याची एक ओळ:
इथं काय होतं?

मी आधी ढेप बाजारात नेऊन ठेवली.
मग माझ्या दगडावर उभा राहिलो
आणि फोन लावला. नंबर माझा नवा.
बराच वेळ रिंग गेली.
“कोण?” तिकडून आवाज.
यारु नाही म्हणाला.
नुसतं, कोण.