आगू, तडी, ठैर, थांब

रविवारी दुपारी अशोक चौकाच्या मागं
गड्डमांच्या कारखान्यात माग बंद असतात.
आठातले पाच आता सोमवारीही बंदच असतात,
पण तो विषय अखिलचे वडील निघू देत नाहीत.
टॉवेलच्या घड्या घालायचं लांब टेबल
त्यांनी आम्हाला दिलंय, एका अटीवर:
जाताना सुताचा भुगा झाडून जायचा.

टेबलावर सेकंडचे टॉवेल अंथरतो आम्ही.
एकाची किनार चुकलेली,
एकावरचा मोर मानेतच तुटलेला.
कार्ड त्यावर सरकत नाही, पंख्याला दाद देत नाही,
नखानं उचलताना कोपरा दुमडत नाही.
पुण्यात स्पर्धेला गेलो, तिथं पोरांकडं
रबराच्या चटया, वर ड्रॅगन छापलेले.
आमचा मोर बघून एकजण हसला.
तिसऱ्या डावात त्यानंच तोंड पुसायला मागितला.

पुरा डेक आमच्यात कुणाचाच नाही.
मुबश्शिरकडं राक्षस, लावण्याकडं मंत्र,
बसूकडं तीन बरी कार्डं आणि तोंड लई.
म्हणून वही. दोनशे पानी, माझ्या अक्षरात:
वेताळ, चकाकणारा, मालक लावण्या म्याकल,
सध्या मुबश्शिर नदाफकडं, परत: बघू.
लावण्याच्या आईनं एकदा ती चाळली.
तीस वर्षं विड्या वळल्यात तिनं,
हिशेबाची वही कशी असते तिला माहीत.
म्हणाली, ह्यात छाट कुठं लिहिता?

समोरच्याला थांबवता येतं, तो नियमच आहे.
कार्ड टेबलाला लागलं की
एका श्वासाची फट असते, तिच्यात बोलायचं.
अखिल म्हणतो, आगू.
बसू म्हणायचा, तडी. मुबश्शिर, ठैर बे.
मी थांब म्हणतो, ते सगळ्यात शेवटी ऐकू येतं.
बाहेरच्याला वाटतं भांडण चाललंय.
कधी चाललेलंही असतं.
एका ठैरवरून, तो वेळेत होता की उशिरा,
अखिल आणि मुबश्शिर सहा आठवडे बोलले नाहीत.
पण रविवारी येत होते दोघंही.
कार्ड एकानं माझ्याकडं द्यायचं,
दुसऱ्यानं माझ्याकडून घ्यायचं.
वहीची अकरा पानं उगाच माझ्या नावावर आहेत.

मे महिन्यात बसूला होसूरला नोकरी लागली.
रात्रीची गाडी. स्टँडच्या भिंती अजून तापलेल्या.
लावण्यानं कडक भाकरी, शेंगाचटणी दिली,
मुबश्शिरनं पाण्याची बाटली, अखिलनं काहीच नाही,
तो नुसता बॅग धरून उभा, देईचना.
बसूनं कार्डांचा डबा खिडकीतून माझ्या हातात ठेवला.
तिकडं कोण खेळतंय, म्हणाला.
कंडक्टरनं बेल मारली.
ती फट होती, तेवढीच, एका श्वासाची.
आम्ही चौघं होतो.
गाडी साखर कारखान्याच्या बाजूला वळल्यावर
लावण्या म्हणाली, नियमात बसलं नसतं.

आता त्याच्या जागी व्यंकटेश बसतो,
जॉबरचा नातू, पाचवीत आहे.
कार्डावरचं इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचतो,
हरला की डबा बंद करून रुसतो
आणि पाच मिनिटांनी परत उघडतो.
परवा मी वेताळ खाली ठेवला
आणि हा पोरगा खुर्चीवर उभा राहून ओरडला,
तडी!
अखिलनं विचारलं, कुणी शिकवलं बे तुला?
घरात ह्यांच्या सगळे तेलुगू बोलतात.
तो म्हणाला, तुम्हीच म्हणता की सगळे.

मग कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.
त्यानं थांबवलं होतं, पण पुढं टाकायला
हातात त्याच्या काहीच नव्हतं.
बसूच्या डब्यातलं एक दिलं मी त्याला,
कासव, साधं, कोपरा दुमडलेला,
आणि वही उघडली.
मालक: बसवराज कलशेट्टी.
सध्या: व्यंकटेश.
परतच्या पुढं पेन थोडं अडलं.
शाई होती.