मोजणी

टोलेडोत, मार्चच्या मळक्या बर्फात
कोवाल्स्की बाहेरून मोजत गेला घर.
भिंतींची जाडीही धरतात म्हणे.
जिना दोनदा धरला, वर एकदा, खाली एकदा.

माळ्यावर छत उतरतं तिथलं,
पाच फुटांखालचं, सोडून दिलं.
मृण्मयी तिथेच बसायची अभ्यासाला, मांडी घालून.

गॅरेज नाही. तळघर तर नाहीच.
जमिनीखालचं घरात धरत नाहीत.

"तिथे भावजी राहायचे," मी म्हटलं,
"नोकरी गेल्यावर. चार हिवाळे.
बॉयलरशेजारी, लोकांचे रेडिओ खोलून बसलेले."
त्याने मान हलवली. पेन्सिल नाही.

चौदाशे बारा.

तो गेल्यावर शिवणाची टेप घेऊन खाली उतरले.
टेप तोकडी. मग वीत वीत मोजलं,
बॉयलरपासून त्यांच्या खाटेपर्यंत.
मध्येच आकडा चुकला.
पुन्हा भिंतीपासून.