चौथा खांब

शाळेला सुट्टी. जानेवारी, म्हणजे इथला ऐन उन्हाळा.
ताल्कावानोच्या टेकडीवर धक्क्यावरून मासळीचा वास चढतो
आणि आमच्या डब्यातल्या राळेच्या वासाशी भांडतो.

एउलालिया पाइनेमाल सांगते: आधी गिलावा उतरवा.
रंगाला चिकटलेलं रंगाबरोबरच पडतं.
खडी दिसेपर्यंत घासा,
आणि कोपरे मारा,
अंगठा फिरवला तर कुठे अडता कामा नये.
हा धागा ओढीला पोलादाला ऐकत नाही,
पण धारदार वळणावर कच खातो.

चौथ्या खांबापाशी शिपाई एरिबेर्तो
हात आडवा धरून उभा.
गिलाव्यावर पेन्सिलीच्या रेघा,
कोण केवढं, कुठल्या साली.
एक रेघ दोनदा ओढलेली:
टाचा उचलल्या होत्या, म्हणून पुन्हा मोजलेली.
भूकंपाचा तडा तिच्यामधूनच तिरपा गेलेला.

ग्राइंडर थांबला.
एउलालियाने टेप काढला, बोलली काही नाही,
हार्डनरच्या खोक्याच्या झाकणावर आकडे उतरवले.
एकशे चार. एकशे एकोणीस.
म्हातारा नावं सांगत गेला,
दोन ठिकाणी अडला,
मग आपणहून बाजूला झाला.

राळ कालवली की अर्धा तास आपला.
तेवढ्यात काळं कापड भिजवायचं,
खांबाला कवेत घेतल्यासारखं गुंडाळायचं,
टोकावर टोक वीतभर चढवायचं,
रोलरने हवा हुसकायची.
कापड म्हणायचं आपलं. ओल्या केसांसारखं चमकतं,
आणि मोज्याशिवाय धरलं तर रात्रभर झोपू देत नाही.

आठवड्याने नाण्याने वाजवून पाहिलं.
टण, टण, टण,
मग गुडघ्याच्या उंचीवर, थप.
आत हवा. बोटभर.
दोन बारीक भोकं, एकातून सुईने राळ,
दुसऱ्यातून थेंब डोकावेपर्यंत.

शेवटी ओढून पाहणं.
लोखंडी बिल्ला चिकटवायचा, यंत्राने खेचायचा.
निघाला तो काँक्रीटचा टवका घेऊनच.
पास, एउलालिया म्हणाली.
एरिबेर्तोला पटेना. तुटलं, आणि पास?
सांधा कुठे सुटला, ती म्हणाली,
खांबाने अंगातलं दिलं, धरलेलं नाही सोडलं.
आणि जखम बुजवायला लागली.

आता चौथ्यावरही फिका पिवळा रंग आहे, बाकीच्यांसारखाच.
ते झाकण कुठे गेलं, मला माहीत नाही.
काल हत्यारं गाडीत टाकताना मागे वळलो:
म्हातारा खांबाला पाठ लावून ताठ,
डोक्यावर आडवा तळहात,
टाचा जमिनीला टेकलेल्या.