कोंड्याचा हिशेब

लेराला गावात, त्स्वापोंग डोंगरांच्या पायथ्याशी
माझी गिरणी आहे. यंत्रं दोन:
एक ज्वारी सोलतं, एक दळतं.
मधे पट्टा, आणि मी.

सोलणारं यंत्र आलं तेव्हा मी बावीसचा.
बायका पाट्या उतरवून बघत राहिल्या,
उखळापाशी चार हातांना जे सकाळभर पुरायचं
ते एका चहात उरकलं.
पीठ निघालं पांढरं. इतकं पांढरं,
की लोक म्हणाले, अगदी दुकानातल्यासारखं.
त्या दिवसांत याहून मोठा मान नव्हता.

कोंडा मी मागच्या दाराने लोटत आलो,
एकतीस वर्षं.
माझ्यासारख्या कोंबड्या पंचक्रोशीत नव्हत्या,
तुरे तांबडेलाल, पिसं तेल लावल्यागत.
आणि घरात गलालेत्सांग, माझी बायको,
भर दुपारी भिंतीला टेकायची.
तळव्यांना मुंग्या येतात म्हणायची.

दवाखान्यात सेथुन्या नर्सने तिच्या बोटाला सुई टोचली.
चौदा, म्हणाली. सातच्या आसपास हवी.
मला आकडे कळतात, पण किलोचे.
गोळ्या दिल्या. मग विचारलं, पीठ कुणाचं खाता?
मी छाती फुगवून म्हणालो, माझंच!
सोललेलं?
ती हसली नाही.

गोळ्यांच्या पाकिटावर तिने एक दाणा काढला,
उभा चिरलेला.
लोह इथे, तंतू इथे, आणि ही लाल साल,
हिच्यातच तो तुरटपणा.
नुसतं पांढरं पोटात गेलं की पळत सुटतं,
साखर होऊन रक्तात शिरतं.
साल सोबत असली की चालत जातं,
ओळखीच्या दारांशी थांबत.

मला मामाचं शेत आठवलं.
लाल चोचीच्या पाखरांचा ढग उतरायचा,
पांढऱ्या कणसांची नुसती बुडखी उरायची,
कडेची लाल ज्वारी तशीच उभी.
मामा म्हणायचा, पाखराने टाकलं ते आपलं.
मी ते सगळं कोंबड्यांना वाढत होतो.

त्या शुक्रवारी घरची गोणी
मी सरळ दुसऱ्या यंत्रात ओतली.
पीठ निघालं मातीच्या रंगाचं.
गलालेत्सांगने बोटं बुडवून पाहिलं:
हे तर दुष्काळातलं खाणं!
भुकेला कोंडा, निजेला धोंडा,
एवढ्यासाठी का गिरणी टाकली होतीस?

तरी भिजवलं. तीन दिवस मडकं झाकून ठेवलं.
आंबट वास सुटला, तिच्या आईच्या चुलीचा.
आंबवलं की दाण्यातलं लोह मोकळं होतं,
नर्स म्हणाली होती. ते मी तिला सांगितलं नाही.
पालेभाजी होती बाजूला.
तिने भांडं चाटून ठेवलं आणि
माझ्याकडे पाहिलं नाही.

पावसाळा गेला. आकडा नऊ.
सात नाही. गोळ्याही आहेतच.
पण परवा डबा घेऊन ती गिरणीपर्यंत चालत आली,
आणि बसायला जागा मागितली नाही.

आता मी गिऱ्हाइकाला विचारतो,
सोलून, की सालासकट?
बहुतेकजण अजून म्हणतात, सोलून. पांढरं हवं.
मी सोलून देतो. धंदा आहे.
म्हातारी मासेगो तेवढी पाटी पुढे करून म्हणते,
जसं आहे तसं दळ, माझे दात माझ्याजवळच आहेत.

तिचा आणि आमचा कोंडा पिठातच राहतो.
मागच्या दाराशी कोंबड्या जमतात,
फळीवर चोची आपटतात,
थकबाकी मागायला आल्यासारख्या.