एकास दोनशे

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा,
टायरच्या गोदामामागं आमचं वर्कशॉप.
इथं आम्ही शहरं बनवतो.
मागच्या महिन्यात एक अख्खं बेट केलं,
भोवती रेझिनचा समुद्र ओतला,
बाराशे खजूर चिमट्यानं रोवले.
मग आलं क्राकुव्ह.

बोझेनाबाई भेंडोळं घेऊन आल्या,
मानेवर घामोळं, पायांत जाड चामडी बूट.
प्रदर्शनासाठी हवा होता चौक :
मध्ये लांबलचक कापडबाजार,
कोपऱ्यात तांबड्या विटांचं चर्च, दोन मनोऱ्यांचं.
"माझं गाव," एवढंच म्हणाल्या
आणि पाणी मागितलं.

मी कटरवर विटा कोरल्या, केसाएवढ्या सांध्यांच्या.
कुट्टीनं कळसाभोवती सोनेरी मुकुट बसवला,
वाटाण्याएवढा, श्वास रोखून.
आणि मनोरे जुळेनात.
एक भरला एक्केचाळीस सेंटिमीटर,
दुसरा साडेचौतीस.

नकाशा पुन्हा पाहिला. उलटा धरून पाहिला.
एकोणीस वर्षांत कमी चुका नाही पाहिल्या :
भिंतीत उघडणारं दार,
कुठंच न जाणारा जिना.
तेव्हा रात्रपाळीत, कुणाला न विचारता,
मी धाकट्याला साडेसहा सेंटिमीटर दिले.
देवाच्या दारात तरी असं नको, म्हटलं.

सकाळी बाई हसल्या,
चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.
मग सांगितलं :
दोघे भाऊ होते म्हणे, गवंडी.
एकेकाला एकेक मनोरा.
थोरल्याचा आधी वर गेला,
धाकट्याचा पाया त्याला जास्त भक्कम दिसला,
आणि त्यानं सुरी काढली.
काम तिथंच थांबलं.
"गोष्टच आहे ती.
पण सुरी टांगलेली आहे, बाजाराच्या कमानीत."

मी येस मॅडम म्हटलं, करवत घेतली.
अॅक्रिलिक कापताना वास येतो
नख जळल्यासारखा.

नेसरीला आमची दोन घरं, मधली भिंत एकच.
माझं दुमजली, वर स्टीलचा कठडा,
राहायला कुणी नाही.
भैरूच्या स्लॅबवर सळया तशाच उभ्या, गंजून,
वरच्या मजल्याची वाट बघत.
वडील अंथरुणावर होते ती आठ वर्षं
त्याची तिथं खर्च झाली,
माझी इथं जमा.
हिशेब कुणी मांडला नाही. सुरी तर नाहीच.
फक्त दिवाळीला फोनवर
"बाकी काय?" "बाकी काय न्हाई."

बाईंना छपरांवर बर्फ हवा होता.
मी खायचा सोडा चाळणीनं भुरभुरला.
"असा सारखा नाही पडत,
वारा एका अंगाला लोटतो, कोपऱ्यात ढीग लागतो."
"वाळूसारखा?"
त्या दाराबाहेर बघत राहिल्या,
आमच्या पत्र्याच्या कुंपणाशी लागलेल्या ढिगाकडे.
"हो," म्हणाल्या, "अगदी."

पॅकिंगच्या दिवशी त्यांनी गुणगुणून दाखवलं,
उंच मनोऱ्यावरून दर तासाला
तुतारी वाजते ते.
मध्येच थांबल्या, सूर वर चढत असताना.
कुट्टीला वाटलं ठसका लागला.
"तिथं बाण लागला होता वाजवणाऱ्याला,
म्हणून आजही तिथंच थांबतात."
"पुढचं कोण वाजवतं?"
"कुणी नाही."
तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू झाला.

खोका गेला. फॉर्कलिफ्टनं उचलला,
वर लिहिलं होतं : नाजूक, ही बाजू वर.
कापलेला तुकडा माझ्या खिशातच राहिला.
आता खोलीवर खिडकीत आहे, साबणाशेजारी,
चार बाजूंना चार चिमुकल्या खिडक्या,
आत कुणी नाही.

शुक्रवारी भैरूला फोन लावला.
म्हटलं, स्लॅबवरच्या त्या सळया,
किती उंच आहेत रे?
"का वो?"
असंच.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "धरा. मापून सांगतो,"
आणि फोन कुठंतरी दगडावर ठेवला.
टेपचं पातं कर्रकन ओढल्याचा आवाज आला,
एक कोंबडा,
मग भिंतीला शिडी टेकली.