वजा सहा

सभागृहाच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात
कमरेच्याही खाली बसवलाय तो स्विचर.
पुढच्या पट्टीवर इनपुटची सहा गोल बटणं
आणि उजव्या टोकाला दोन त्रिकोण,
एक वर बघणारा, एक खाली.
रिमोट गेल्या नाताळात कुणाच्या तरी कोटाच्या खिशातून गेला
तो गेलाच.
तेव्हापासून आवाजासाठी मला गुडघ्यांवर बसावं लागतं.

एक दाब, एक डेसिबल.
बोट दाबून धरलं तर आकडे धावत सुटतात.
नवीन पोरांना मी आधी हेच सांगते :
इथे शून्य म्हणजे शांतता नाही बरं का,
शून्य म्हणजे काठोकाठ.
शांतता खाली असते, उण्यात,
वजा ऐंशीच्या तळाशी.
पोरं मान हलवतात. कळत नाही त्यांना.
मलाही फेब्रुवारीपर्यंत नुसतं पाठ होतं.

फेब्रुवारीत चौकशी बसली, इथेच, क्लाक्सविकला.
बुडालेल्या होडीचा शेवटचा रेडिओ संदेश
इनपुट तीनवर.
मी वजा चोवीसवर ठेवला होता,
घरात आजारी माणूस असताना बोलतात तितका.
त्रोन्दुर बोलला. जागा सांगितली, वारा सांगितला,
मग अर्ध्यावर तुटला.
पुढे अकरा सेकंद नुसती खरखर.

भिंतीला टेकून हानुस उभा.
इंजिन त्यानेच उघडलं होतं, त्यानेच बसवलं होतं.
नोव्हेंबरपासून दुकानात
पाव घेताना त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.
तसं कुणी काही म्हणालंही नव्हतं.

एल्सपाबाईंनी हात वर केला : पुरे.
तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून मार्युन उठली,
त्रोन्दुरची आई, कानात यंत्र, हातात लोकरी टोपी.
"ती खरखर परत लाव," म्हणाली,
"आणि मोठी कर."

मी एल्सपाबाईंकडे पाहिलं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं.
मी वरचा त्रिकोण दाबला.
वजा वीस. वजा सोळा.
खरखर खोलीभर पसरली, तळणीत मासे सोडावेत तशी.
वजा अकरा.
कुणाचं तरी मूल रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं.
वजा सहा.

आणि तिच्या तळाशी, अगदी तळाशी,
धक् धक् धक् धक्,
एकसारखं, न अडखळता,
अकराव्या सेकंदापर्यंत.

"चालू होतं," मार्युन म्हणाली.
एवढंच.
ती हानुसकडे वळलीसुद्धा नाही. खाली बसली,
टोपीची घडी घालत राहिली.
हानुस भिंतीवरून सरकत सरकत जमिनीवर आला.
मी तिथेच होते, कपाटापाशी, त्याच उंचीवर,
म्हणून मला त्याचा चेहरा दिसला.
तो मी कुणाला सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी मेंढीवाल्यांची वार्षिक सभा.
अध्यक्ष माइकजवळ नुसते खाकरले
आणि सभागृह किंचाळलं,
खिडक्यांच्या काचा थरथरल्या,
एका म्हाताऱ्याची कॉफी मांडीवर सांडली.
आवाज अजून वजा सहावर होता. मीच विसरले होते.
धावले, गुडघे टेकले,
खालचा त्रिकोण, एकेक, बोट धरून न ठेवता,
अठरा दाब, मोजून.

वर मान केली तर सगळे हसत होते.
शेवटच्या रांगेत, दोघांच्या मधे दाटीने बसलेला हानुस
कानाला हात लावून ओरडला,
"अगं, थोडा वाढव की,
मागे काही ऐकू येत नाही."