तीनपैकी दुसरा

आमच्या अख्ख्या सॉफ्टवेअरमध्ये अकरा टॅब सापडले,
अकरा जणांनी अकरा तऱ्हांनी लिहिलेले.
एकाच्या माथ्यावर टीप: ‘घाईत आहे, नंतर नीट करतो. दिघे.’
दिघे केव्हाच पुण्याला गेले.
त्यांचं ‘नंतर’ माझ्या टेबलावर आलं,
साकीनाक्याला, सहाव्या मजल्यावर,
जिथे दर चार मिनिटांनी एक विमान
खिडकीला पोट घासून उतरतं.

एकच कर, वरून सांगणं आलं, कुठेही बसेल असा.

कुठेही बसेल असा म्हणजे
आधी काढून टाकणं आलं.
रंग काढला. ‘ओळख’, ‘पत्ता’, ‘पावती’ ही नावं काढली,
ती ज्याची त्याने आणावीत.
आपल्या पोटात काय आहे हे त्याला कळू नये,
परळच्या त्या हॉलसारखं:
सकाळी मुंज, दुपारपासून साड्यांचा सेल,
दुसऱ्या दिवशी कुणाची शोकसभा,
खुर्च्या त्याच,
आणि तिसरा पंखा तसाच बंद.
हॉल कुणासाठी रडत नाही
म्हणून तर सगळ्यांना परवडतो.

मला वाटलं, जमलं.
क्लिक केलं की पान उघडत होतं,
खालची निळी रेघ लोण्यासारखी सरकत होती.

मग नियाज मुकादम आला तपासायला.
त्याने आधी माझा मॉनिटर बंद केला
(‘उगाच जळतोय’)
आणि इअरफोनचं एक बोंड स्वतःच्या कानात घातलं, एक मला दिलं.
आत एक बाई, भरधाव, हेल नसलेल्या मराठीत:
बटण. बटण. बटण.
‘तीन बटणं आहेत,’ तो म्हणाला. ‘कशाची?
हल्ली लिफ्टसुद्धा मजला सांगते.’
माझी निळी रेघ त्याच्या गावीही नव्हती.

दोन दिवस लागले.
प्रत्येकाला शिकवावं लागलं, तू कोण,
कितवा, कितींपैकी,
तुझ्यामागे कुठलं पान उभं आहे.
उजवा बाण पुढे, डावा मागे,
शेवटच्याच्या पुढे पुन्हा पहिला,
म्हणजे कडेला जाऊन कुणी पडायला नको.

बाई म्हणाली: टॅब, तीनपैकी दुसरा, निवडलेला.
नियाजने मान हलवली. स्वतःचा पत्ता लिहिला,
बाण मारून पावतीवर गेला, परत आला.
चौकट रिकामी.

‘माझी खोली गेली,’ तो म्हणाला.

मी हसले. तो लगेच हसला नाही.
कुर्ल्याची, पाइपलाइनजवळची, खोली नंबर नऊ.
बिल्डरने दोन वर्षं सांगितली होती, सहा झाली.
त्याची अम्मी अजून सगळीकडे जुनाच पत्ता देते.
‘तू पण तेच करतेस.
माणूस जरा बाजूला झाला की पाडून मोकळी.’

खरंच होतं. नजरेआड झालेलं पान
मी मोडून टाकत होते, जागा वाचावी म्हणून,
कुणी परतलं की नवंकोरं उभं करत होते.
तशी पद्धतच आहे.

एक ओळ बदलली. पाडायचं नाही, झाकायचं.
टॅब थोडा जड झाला. वरून विचारणा आली, किती जड?
मी आकडा कळवला. कारण कुणी विचारलं नाही.

आता तो कुठे कुठे बसलाय मला ठाऊक नाही.
कुणाच्या रक्ताच्या रिपोर्टात असेल, पाण्याच्या बिलात,
कुणी वारसाचं नाव अर्धंच लिहून उठलं असेल तिथे.
दिघ्यांची टीप मी नव्या फाइलच्या माथ्यावर
तशीच आणून ठेवली आहे.

त्या संध्याकाळी मात्र मजल्यावर आम्ही दोघंच उरलो होतो.
नियाजने पत्ता पुन्हा लिहिला.
उजवा बाण: पावती.
उजवा बाण: ओळख.
वरून विमान चाललं होतं, त्याने आवाज वाढवला.
उजवा बाण.

टॅब, तीनपैकी दुसरा, निवडलेला.
पत्ता.
खोली नंबर नऊ.